खुंटी लावलेली लाइन

वाशीम,
१६ जानेवारी १९७६

प्रिय देवमन,

'प्रिय' लिहिल्याशिवाय पत्र सुरू होत नाही म्हणून लिहिलंय. त्यावरून हुरळून जाऊ नकोस. काल जऊळक्याच्या खांबावर चढून तू तपासणीचा फोन तारेला लावलास, मला एक प्रश्न विचारलास आणि मी इथं एक्स्चेंजमध्ये बोर्डावरची तुझ्या लाइनची दोरी उपटली. लाइन गेली असं समजून तू घंटी देत राहिलास. लाइन गेली नव्हती. रविवारी मला घरी न्यायला येतोस, असा निरोपही तुझ्या बहिणीनं, भागिरथानं, आणून दिलाय. तेव्हा मी परत नांदायला येणार की नाही ते, आणि कालच्या प्रश्नाचं उत्तर, दोन्ही कागदावर देते. फोनवर बोलायचं म्हणजे मधली सगळी एक्स्चेंजं कान लावून बसतात, हे तुला मी सांगायला नको.

याच खांबांवरून तू मला जिंकलंस. वर लटकून विचारायचास, "अंजना, आवाज येऊन राह्यला का?" आणि मला चांगला ऐकू येत असूनही मी म्हणायची, नाही. मग तू उन्हात आणखी थोडा वेळ लटकायचास. इंझोरीच्या विहारात आपलं लग्न लागलं तेव्हा आमच्या एक्स्चेंजच्या थोरल्या ऑपरेटर लिलाबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "घ्या, आता हे दोघं घरीच बोलतीन, लाइन रिकामी राहीन." मी किती हसले होते! आज आठवलं की त्या हसऱ्या पोरीच्या मुस्काटात द्यावीशी वाटते.

ती तूच दिलीस म्हणा. हरिसिंग लाइनमनशी फोनवर हसले, एवढ्यावरून. दाढ हलली, ती अजून थंड पाण्यानं ठणकते. मग तू माझ्या पायांवर डोकं ठेवून रडलास. शेलूबाजारहून माझा भाऊ जानराव जीप घेऊन निघाला होता, त्याला मीच कळवलं की येऊ नको, सगळं ठीक आहे. पुढच्या खेपेला पट्टा होता, पट्ट्याचं बक्कल होतं, आणि तू माझा हात मागे पिरगाळलास तेव्हा आतून जो आवाज आला तो शेजारच्या मोतीबाईनं भिंतीपलीकडून ऐकला. त्या वेळी जानराव आला. पण तोवर तू मला हातानं भरवत होतास. सासूबाई त्याला म्हणाल्या, "मर्दाचा हात हाय, उठते कधीमधी." आणि प्लास्टरातला हात घेऊन मीच भावाला परत पाठवलं. बिचारा जाताना म्हणाला, "बाई, तू एक काय ते सांग. येऊ का नको?"

अकोल्याची लाइन तशीच झाली होती, आठवतं? तार कुठं तरी झाडाला घासत होती. जायची, यायची, पुन्हा जायची. गेली की आम्ही अकोल्याचे कॉल मंगरूळ-कारंज्यावरून फिरवायचो आणि सगळ्यांना कळवायचो, अकोला मेलं. आली की पुन्हा सगळ्यांना कळवायचो, अकोला आलं, इकडून द्या. तेवढ्यात ती पुन्हा जायची. अर्ध्यात तुटलेली माणसं ओरडायची, मंगरूळवाले चिडायचे, आणि आमचा सगळा दिवस ही बातमी वाटण्यातच जायचा. खरा कॉल एकही धड लागायचा नाही. शेवटी लिलाबाईंनी बोर्डावर अकोल्याच्या भोकात लाकडाची खुंटी ठोकली. "जिती झाली म्हून काय झालं? टिकते का पाहू दे तिले." पुन्हा गेली तर खुंटी आणखी जास्त वेळ. आणि दर वेळी गावभर सांगत सुटायचं नाही. लांबची का होईना, टिकाऊ वाट एकदा सांगितली की पुरे. ज्या दिवशी खुंटी लागली त्या दिवशी सगळा तालुका सुरळीत बोलला.

त्याच खुंटीसमोर तू मला मारलंस. भर दुपारी पिऊन आत आलास. हरिसिंगचं नाव घेत हेडफोनसकट माझे केस धरलेस आणि डोकं बोर्डावर आपटलंस. दोऱ्या उपटल्यास, एक माझ्या गळ्याभोवती आवळलीस. मला तुझ्या घामाचा वास आणि माझ्या रक्ताची चव अजून आठवते. मी खाली पडले तेव्हा तू लाथ घातलीस. कुठं घातलीस ते तुलाही आठवत असेल. मग लिलाबाईंनी फोनचं जड काळं डबडं उचलून तुझ्या पाठीत घातलं आणि मी उठून स्टुलानं तुझं कपाळ फोडलं. ती खोक माझी आहे. लोक सांगतात तसं ते घाबरून झालं नाही. मला त्या क्षणी तुझा जीव घ्यायचा होता, आणि तू रांगत दाराबाहेर गेलास तेव्हा मला वाईट वाटलं ते तू वाचलास याचं.

तेव्हापासून मी लिलाबाईंकडे राहते. तुझी जऊळक्याला बदली झाली, तू दारू सोडलीस, विहारात झाडलोट करतोस, हे सगळं भागिरथा सांगते. खरं असेल. काल आवाजही पहिल्यासारखाच होता, स्वच्छ. मीही तुला खुंटीच लावली होती, देवमन. टिकतोस का ते पाहणार होते. खोटं कशाला बोलू, मनात मी दिवस मोजत होते.

पण काल तू खांबावरून विचारलंस, "लेकरू हालून राह्यलं का आता पोटात?" आणि सांगितलंस की सागाचा पाळणा करायला टाकलाय. तुला कोणी सांगितलं नाही, कारण मी लिलाबाईंना शपथ घातली होती; मला तुझं रडणं पुन्हा बघायचं नव्हतं. लेकरू हलत नाही. त्या दुपारी तुझी लाथ त्यालाच लागली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मुलगी होती. खुंटी लावलेल्या लाइनला कधी तरी पुन्हा आवाज मिळतो, म्हणून तू आशेवर बसू नयेस यासाठी हे पत्र. तुझी खुंटी मी काल काढली आणि खांबावरून तारच उतरवली. जानरावला कळवलंय की ये, आणि या वेळी त्याला परत पाठवणार नाही. पाळणा ज्याला लागेल त्याला दे. रविवारी येऊ नकोस.

'तुझीच' लिहायला हात सवयीनं गेला होता. खोडलंय.

अंजना