मोहल्ल्याचं मनोबल आणि सेठजींचा कूलर

४ मार्च १९७९, रविवार
रिटायर होऊन चार दिवस झाले. आराम पुरे. आजपासून समाजकार्य.

नागपुरातल्या सदर भागातल्या वाचनालयात एका इंग्रजी साप्ताहिकात लेख वाचला. बाहेरच्या देशांत म्हणे मोहल्ल्यामोहल्ल्यात मानसिक आरोग्य केंद्रं असतात. लोक येतात, दुःख सांगतात, केंद्रातला माणूस ऐकून घेतो. आपल्याकडे असा माणूस कुठे मिळणार, असा प्रश्न लेखकाने विचारला आहे. त्याला मी माहीत नाही.

सरकारी कचेरीच्या तक्रार विभागात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. माझ्या टेबलासमोर बसून बोललेला माणूस सहसा दुसऱ्यांदा आला नाही. याहून मोठा इलाज तो कोणता?

बायकोला, शोभाला सांगितलं. ती तांदूळ निवडत राहिली. हल्ली रात्री उठून अंथरुणात बसून असते. गॅसेस. ओवा घ्यायला सांगितला.

११ मार्च
सर्व्हे केला. अनुदान मागायचं तर आधी सर्व्हे लागतो. घरोघर जाऊन विचारलं, तुमच्याकडे मानसिक त्रास कोणाला आहे? प्रत्येकाने शेजारच्या घराकडे बोट दाखवलं. शेवटचं बोट आमच्या घराकडे होतं. हा सर्व्हेतला दोष समजावा.

समोरच्या वच्छलाबाई म्हणाल्या, "मानसिक-बिनसिक काही नाही भाऊजी, सून हाये." मी "कौटुंबिक" असं लिहून घेतलं. मग तासभर सुनेचं ऐकावं लागणार असं दिसलं, म्हणून पुढे निघालो.

गल्लीच्या टोकाला गोविंदा विणकर राहतो. हातमाग विकला आणि कळमेश्वरच्या कारखान्यात चौकीदार झाला. म्हणतो, "साहेब, झोपच नाही येत. जलमभर मागाच्या खटखटीत झोपलो. आता घरात इतकं चिप राह्यते का भेव वाटते." त्याला म्हटलं, शंभरपर्यंत आकडे मोज. तो म्हणाला, "जलमभर सुतं मोजली जी, आता आकडे मोजू?" आणखी काही सांगत होता, पण मला पुढची आठ घरं करायची होती.

निष्कर्ष : मोहल्ल्यात त्रास प्रचंड, जागृती शून्य.

२० मार्च
योजना तयार. तीन टप्पे : प्रबोधन, श्रवण, परिवर्तन. श्रवणाला सर्वांत कमी वेळ ठेवला आहे. त्यात फार वेळ जातो.

शोभाला संपूर्ण वाचून दाखवली. प्रबोधनाच्या मध्येच ती "अहो, मी काय म्हणत होती..." असं म्हणाली. मी म्हटलं, प्रश्न शेवटी. शेवट आला तेव्हा विचारलं, काय म्हणत होतीस? म्हणाली, "आता काही नाही." योजनेत सगळ्या शंकांचं निरसन झालेलं आहे, याचा हा पुरावा.

२७ मार्च
गांधीबागेत सेठ ईश्वरदास यांच्या पेढीवर गेलो. कापडाचे ठोक व्यापारी. वडिलांच्या नावाने ट्रस्ट आहे. गादीवर बसून योजना पूर्ण ऐकली. म्हणजे मी बोलत होतो आणि ते कापडाचे थान मोजत होते.

शेवटी म्हणाले, "अनंतरावजी, काम धरमाचं आहे. लेकिन बोर्डावर 'मानसिक' नाही पायजे. माझ्या घरी दोन पोरी लग्नाच्या आहेत. लोक म्हणतील, सेठच्या घरी काहीतरी आहे. 'विश्रांती केंद्र' लिहा."

तत्त्वाचा प्रश्न होता. मी दोन मिनिटं ठाम राहिलो. मग विश्रांती लिहायचं ठरलं.

बाकी अटी : वडिलांचा फोटो समोरच्या भिंतीवर. उद्घाटन सेठजींच्या हस्ते. आणि नागपूरच्या एप्रिलात सेठजी कूलरशिवाय बसत नाहीत, म्हणून कूलर ट्रस्टचा. मे महिन्यात ट्रस्टच्या सल्लागार डॉ. गोपिका दाणी मुंबईहून पाहणीला येतील. त्यांचा अभिप्राय चांगला आला की कायम अनुदान, सदरला स्वतंत्र जागा आणि संचालकाला, म्हणजे मला, मानधन. तोवर केंद्र आमच्या बैठकीच्या खोलीत.

खोलीचं शोभाला संध्याकाळी सांगितलं. म्हणाली, "अन् मी कुठं बसू?" चांगला प्रश्न. अजून विचार केलेला नाही.

८ एप्रिल, रविवार
उद्घाटन थाटात. मारोतराव टिनवाल्याने बनवलेला कूलर खिडकीत बसवला. कपाटाएवढा. सुरू केला की ट्रक चढावर लागल्यासारखा आवाज. सेठजी वीस मिनिटं बोलले. काय बोलले ते कळलं नाही. त्यांचं तोंड थांबलं तेव्हा टाळ्या वाजवल्या. वडिलांचा फोटो वाऱ्याने दोनदा पडला. तिसऱ्यांदा खिळा बदलला.

१० एप्रिल
पहिलं सत्र. विषय : "मनावर ताबा". उपस्थिती एक. गोविंदा रात्रपाळी करून आला. विचारत होता, "साहेब, हा दुपारभर चालू राह्यते का?" होय म्हटल्यावर कूलरजवळच्या भिंतीला टेकला आणि माझ्या दुसऱ्याच वाक्याला गाढ झोपला. चार वाजता उठवावं लागलं.

माझ्या आवाजात काहीतरी आहे, हे मला ऑफिसातही जाणवायचं.

२२ एप्रिल
ऊन भयंकर. उपस्थिती मात्र वाढते आहे! आज खोली भरली. उंबरठ्यावरही बायका.

पद्धत अशी बसली आहे : मी मागच्या भिंतीशी उभा राहून बोलतो. लोक कूलरकडे तोंड करून बसतात, म्हणजे माझ्याकडे पाठ. सुरुवातीला खटकलं. पण परदेशातही पेशंटने डॉक्टरकडे बघायचं नसतं असं वाचलं आहे. मोहल्ल्याने ही गोष्ट उपजत ओळखली.

सर्वांत महत्त्वाचं : त्यांचे ओठ हलतात! मी "माझं मन शांत आहे" म्हणतो आणि सगळी खोली ते पुटपुटत असते. वच्छलाबाई तर हातवारेही करतात. डोळे पुसतात. आज जाताना सुनेसाठी बर्फाचा गोळा घेऊन गेल्या. हे माझ्या कालच्या "क्षमा" या व्याख्यानाचं फळ.

आवाज नीट पोचावा म्हणून कूलर कमी करायला गेलो. वच्छलाबाई ओरडल्या, "राहू द्या नं भाऊजी फुल! तुमचं तुम्ही चालू द्या, आमचं आम्ही चालवतो." परस्पर सहकार्य.

३ मे
आता शोभाही येते. स्वयंपाकघर आवरून, कूलरच्या अगदी जाळीला लागून बसते. ओठ सर्वांत जास्त वेळ तिचेच हलतात. सर्व लोक उठून गेले तरी तिचं चालू. एवढी निष्ठा मी अपेक्षिली नव्हती.

रात्री विचारलं, व्याख्यानातला कोणता भाग आवडला? म्हणाली, "आवाज चांगला हाये." कोणाचा ते विचारलं नाही. उघड आहे.

काल रात्री थोडी झोपली. ओव्याचा गुण.

१० मे
डॉ. दाणी १९ तारखेला येणार. सर्वांना तयारी करून घेतली. वच्छलाबाईंनी "केंद्रामुळे मला जीवनाची दिशा मिळाली" असं म्हणायचं आहे. त्यांनी विचारलं, "कोणती दिशा सांगू? बाई विचारीन तं?" शोभाने हात जोडून उभं राहायचं आहे, बोलायचं नाही. ते तिला सोपं जाईल.

गोविंदाला बजावलं, त्या दिवशी झोपायचं नाही. तो म्हणाला, "जागाले तं माहं घर हाये गा साहेब. इथं काहून जागू?"

या माणसाला संस्थेबद्दल आपुलकी नाही.

१९ मे, शनिवार
जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो. दोष वीज मंडळाचा.

दुपारी डॉ. दाणी आल्या. साधी सुती साडी, वही, चेहऱ्यावर काही नाही. सोबत सेठजी. दोघांना माझ्या बाजूला खुर्च्या दिल्या. खोली गच्च. कूलर फुल. सगळे कूलरकडे तोंड करून, ओठ हलताहेत, वच्छलाबाईंचे हात चालू, गोविंदा (सांगूनही) झोपलेला. मी माझं सर्वोत्तम व्याख्यान निवडलं होतं. आवाज पोचावा म्हणून बेंबीच्या देठापासून बोलत होतो. बाई मान हलवत होत्या.

तेवढ्यात लाइन गेली.

कूलर घरघरत थांबला, पण बोलणारे काही थांबले नाहीत. गाडी थांबली तरी माणूस पुढे जातो तसं झालं. एकदम शांत झालेल्या त्या खोलीत पहिला आवाज माझा होता : "...कारण मित्रहो, दुसऱ्याचं ऐकून घेणं हीच खरी सेवा!"

त्याला लागूनच वच्छलाबाई, गळा ताणून : "...अन् मरीन तरी त्या पोरीले सांगणार नाही का तिच्या हातचं वरण माह्याहून चांगलं होते!"

उंबरठ्यावरची कोणीतरी : "...नवऱ्याले म्हटलं, साऱ्यायच्या घरी राबवाचंच हाये तं भाड्यानं देऊन टाक मले..."

आणि सगळ्यांच्या वर, जाळीला तोंड लावून, शोभा : "...तीस वर्षं झाली वं बाई, या माणसानं मले एक गोष्ट पुरी करू नाही देल्ली! रात्री जीव असा दाटून येते, अन् हा म्हणते ओवा खा!"

"वं बाई" हे कूलरला.

मग पूर्ण शांतता. त्या शांततेने गोविंदा दचकून उठला आणि म्हणाला, "माग काहून थांबला?"

सेठजी वडिलांच्या फोटोकडे बघत होते. मी पुढचं वाक्य शोधत होतो, सापडेना. डॉ. दाणींनी वही मिटली, उठून शोभाजवळ जाऊन खाली सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, "हं. पुढे?"

शोभाने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "लाइन येऊ द्या. मंग सांगते."

लाइन सहा वाजेपर्यंत आली नाही.

२१ मे
शांतपणे विचार करता, पाहणी यशस्वी झाली असं म्हणायला हरकत नाही. लोक मोकळेपणाने बोलतात, हेच बाईंना दिसलं. लोकांना मोकळं करणं हा योजनेचा टप्पा दुसरा.

शोभा नेहमीसारखी. म्हणजे बोलत नाही. मीही तो विषय काढला नाही. ओव्याची बाटली फळीवरून दिसेनाशी झाली आहे.

२८ मे
सेठजींनी पेढीवर बोलावलं. डॉ. दाणींचा अहवाल आला. माझ्याबद्दल एक संपूर्ण वाक्य आहे : "संचालकांचे व्याख्यान कोणासही ऐकू येत नसल्याने त्यापासून अपाय झाल्याचे आढळले नाही." वैद्यकीय भाषा असल्याने जरा रुक्ष वाटते, पण अपाय नाही हे डॉक्टरांनी लेखी दिलं.

पुढे लिहिलं आहे की इथे लोकांना बोलायचं आहे, कूलर ही त्यांनी स्वतः शोधलेली आडोशाची जागा आहे. कूलर असू द्यावा, आणि आठवड्यातून दोनदा एक प्रशिक्षित बाई ठेवावी, जी समोर बसेल आणि फक्त ऐकेल.

सेठजी म्हणाले, "देखो अनंतरावजी, बाई म्हणजे हर महिन्याचा पगार. अन् ती ऐकणार फक्त! ऐकायचे पैसे? कूलर एकदा घेतला की झालं. अन् त्याच्यावर नाव लिहिता येते. बाईवर कुठं लिहू?"

म्हणून ट्रस्टचा निर्णय : विणकरांच्या समाजमंदिरात दुप्पट मोठा कूलर, पुढच्या पत्र्यावर वडिलांचं नाव तांबड्या अक्षरात. बाई रद्द. सदरची जागा रद्द. संचालक हे पद नव्या रचनेत नाही. जुना कूलर टाकी गळते म्हणून मलाच ठेवायला सांगितला.

थोडक्यात, माझ्या योजनेचा विस्तार झाला आहे.

३ जून
समाजमंदिरातल्या केंद्राला मार्गदर्शन करायला गेलो. खोली भरलेली. नव्या कूलरचा आवाज विमानाचा. दारातच गोविंदा भेटला. ताजातवाना दिसत होता. माझा हात धरून बाजूला नेलं. "साहेब, राग नका मानू गा. तुम्ही हातवारे करता तं लोकायचं ध्यान जाते. अन् मले मधातच जाग येते."

वच्छलाबाई आतून ओरडल्या, "या नं भाऊजी, बसा! पण बोलाचं असंन तं इकडं, कूलरकडं तोंड करून. बाकीच्यासारखं." त्यांच्या शेजारी सून बसली होती. दोघी एकाच वेळी बोलत होत्या, एकमेकींकडे न बघता.

मला बोलण्यासारखं काही नाही. घरी आलो.

शोभा घरीच होती. म्हटलं, तू गेली नाहीस? सगळा मोहल्ला तिकडे आहे. म्हणाली, "मले त्या कूलरशी नाही बोलाचं. कोणत्याच कूलरशी नाही बोलाचं."

मग कोणाशी, असं विचारणार होतो. पण त्याचं उत्तर मला माहीत आहे असं वाटलं, म्हणून विचारलं नाही.

५ जून
संकल्प : उद्यापासून शोभाचं ऐकणार. पूर्ण. मधे न बोलता. अठ्ठावीस वर्षांचा अनुभव घरी वापरला नाही, ही चूक होती.

६ जून
दुपारी जेवण झाल्यावर तिला समोर बसवलं. म्हटलं, बोल, मी ऐकतो. तिने बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "पोरगी सासरी गेली तवापासून रात्री मले..."

मी म्हटलं, अगं, ते साहजिक आहे, या वयात प्रत्येक आईला...

ती थांबली. माझ्याकडे पाहत राहिली. रागाने नाही. तिचं ते पाहणं ऑफिसात तक्रार घेऊन येणाऱ्या लोकांसारखं होतं. अर्ज परत घेऊन ते असेच उठायचे. मग ती खरंच उठली आणि जाऊन कूलर लावला. फुल.

मला वाटलं आता जाळीशी बसेल. पण परत आली, माझ्यासमोर बसली, माझ्याकडे तोंड करून, आणि बोलायला लागली.

खूप वेळ बोलली. मधे हसली. मधे रडली. एकदा माझ्याकडे बोट दाखवलं, एकदा स्वतःकडे. मी दोनदा उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण कशाचं उत्तर द्यायचं ते कळेना. मिटलं. कान पुढे केला, तरी ती थांबली नाही आणि कूलरही थांबला नाही. तिसऱ्यांदा तोंड उघडलं नाही. नुसता तिच्या तोंडाकडे पाहत बसलो. खालचा एक दात पडला आहे तिचा. कधी पडला?

सगळं झाल्यावर उठली, कूलर बंद केला, चहा टाकला.

रात्री ती झोपली. कूस न बदलता. घोरतेसुद्धा.

मी जागा. एवढी मोठी मुलाखत झाली, आणि इथे लिहायला एक शब्द नाही.