सासूबाईंच्या खिडकीची नवी कडी

बुधवार, सायंकाळ

सासूबाईंच्या खोलीतील खिडकीची झिजलेली कडी आज मी स्वतः बदलली. जुनी कडी बोट लावताच उघडे, आणि तिथूनच सासूबाई शेजारच्या काकूंना रोज माझे दोष ऐकवत. बाहेर वाळत घातलेल्या मिरचीच्या पथारींवरून येणारा ठसका हे निमित्त मला पुरले. नवी कडी मुद्दाम घट्ट स्प्रिंगची घेतली. आधी दाबायचे, मग फिरवायचे, हे तीनदा हौसेने समजावले. संधिवाताने वाकडी झालेली त्यांची बोटे घसरत राहिली.

“हाई कडी मन्हाघाई उघडस नही वं.”

“सराव करा, आई. सोपे आहे.”

हा दुष्टपणा झाला का? कडी तर अगदी सरळ बसली आहे.

तेवढ्यात काकूंनी बाहेरून विचारले, “झोपनी का वं बहीण?”

“हो, झोपल्या,” मीच उत्तर दिले.

सासूबाईंची बोटे तेव्हाही कडीवरच होती.