जिनसेंगच्या वाफ्यावरचं कापड

१९ मे

माझं सगळं बदललं ते आज दुपारी — बोराम बसमधून उतरली आणि ढग फाटून लख्ख ऊन पडलं, त्या क्षणी! जिनसेंगच्या वाफ्यावरचं काळं कापड गुंडाळून, वाफा उघडा टाकून मी स्टँडवर पळालो होतो.

आठवडाभर आभाळ होतं. कॉलेज अर्ध्यात सोडलं, पण एवढं शिकलोय — पानाला रोज थोडा जास्त उजेड दाखवला की त्यातलं पिवळं रंगद्रव्य वाढतं. त्याच्या जोरावर न झेपणारा उजेड पान उष्णता करून फेकून देतं. जिनसेंग सावलीतलं, औषधी मुळाचं झाड, त्याला हे फारसं जमत नाही. म्हटलं, हळूहळू शिकवू. आणि शिकवणाराच पळाला!

परत आलो तर पानं पांढरी. सगळी.

२० मे

बोरामचे वडील, प्योकाका, वाफ्याशी उकिडवे बसले होते. ओरडले असते तर बरं. मार्चमध्ये मी तिला मागणी घातली तेव्हा म्हणाले होते, "चार वर्षांचं कॉलेज निभलं नाही, सहा वर्षांचं मूळ काय निभवणार? तिसऱ्या वर्षातला हा वाफा घे. काढणीपर्यंत नेऊन दाखव, मग बोल."

आज एवढंच — "जिनसेंगला वर्षातून एकदाच पानं येतात, अर्धपदवीधर!"

"मग उपटू?"

"मला काय विचारतोस? वाफा कुणाचा?"

माझा!

२ जून

कापड दुहेरी केलं. गुडघ्यांवर रांगत पेंढा पसरला. शेजारची ओकआजी कुंपणावरून — "मढ्याला पांघरूण घालतोस का रे?"

मेलेलं नाही, आजी. पान गेलंय, मूळ आहे.

११ जुलै

उकरून बघावंसं वाटतं. हात शिवशिवतात. बोराम फोनवर कडाडली — "हात तर लावून बघ! पुढचा कोंब मोडलास तर बाबांच्या आधी मीच तुला गाडीन."

काय आवाज आहे तिचा! दिवसभर कानात.

३० ऑगस्ट

उकरलं नाही.

२६ ऑक्टोबर

पावसाने माती सरकली, एका मुळाचा माथा उघडा पडला. त्यावर तांदळाएवढा पांढरा डोळा! पुढच्या वर्षीचा कोंब! काकांना हाताला धरून ओढत आणलं. वाकून पाहिलं, म्हणाले, "हं."

जेवताना त्यांनी आपल्या ताटातला माशाचा तुकडा माझ्या भातावर ठेवला.

८ नोव्हेंबर

बोरामला बुसानमध्ये नोकरी लागली. मैत्रिणीच्या गाडीतून मला न्यायला आली, गाडी बाहेर उभी आहे. "बाबांचं मूळ पिकेपर्यंत मी म्हातारी होऊ? मला नको त्यांची परवानगी. चल, आत्ता!"

हेच ऐकायला वर्षभर जगलो मी.

"तू हो पुढे," म्हणालो. "वाफा टाकून नाही येणार."

"आणि मी नाही थांबले तर?"

ती गाडीत जाऊन बसली. आज कडाका पडणार, वाफा झाकायचाय. गाडी अजून तिथेच आहे — ऐकू येतेय. पेंढ्याची मोळी उचलतो. बाहेर पडून दार ओढून घेतो.