चुन्याची निवळी

मास्तर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भांडायला मला अजून तुम्हीच आठवता. मेहकरच्या शाळेतला तो तास डोळ्यांसमोर आहे. तुम्ही लोणारचा खार काचेच्या भांड्यात घालता, वर लिंबू पिळता, फसफस होते आणि नळीतून निघालेला वायू चुन्याच्या निवळीत बुडबुडतो. निवळी दुधाळ होणार हे पुस्तकात होतंच, म्हणून मी आधीच लिहून मोकळा झालो होतो. तुम्ही माझ्या वहीतली ती ओळ खोडलीत. "दिसलं का तुले? नाही ना? मंग काऊन लिवलं बे?" सगळा वर्ग हसला होता.

गेल्या उन्हाळ्यात खात्यानं रसायनाच्या शिक्षकांसाठी उजळणी वर्ग भरवला. मी तेव्हा रसायन शिकवत होतो. वर्गाचा दाखला नसेल त्याला यापुढे रसायन शिकवता येणार नाही, असा हुकूम होता. नागपूरहून आलेले साहेब टेबलामागे, आम्ही बाप्ये माणसं पोरांसारखी बाकांवर. काच फुटेल म्हणून कुणी हात लावायचा नाही! साहेबांनी वायू सोडला आणि निवळी स्वच्छच राहिली. कधीपासून बिनबुचाच्या बाटलीत पडलेली, बिघडलेली निवळी ती. साहेब म्हणाले, "लिहा, निवळी दुधाळ झाली." आणि भोवतीचे सगळे टाक चालू लागले, मास्तर. मी उठून म्हणालो, "झाली नाही, साहेब. पानवाल्याकडून चुना आणतो, ताजी करू." "वेळापत्रकात बसत नाही," ते म्हणाले. जळगाव जामोदचे एक शिक्षक शेजारी होते, ते माझा सदरा ओढून कुजबुजले, "लिवून टाका ना हो. काऊन वाद घालून राह्यले?" मी लिहिलं, झाली नाही.

दाखला मिळाला नाही. रसायन दुसऱ्याकडे गेलं, माझ्या वाट्याला भूगोल आला. नवे गृहस्थ प्रयोग फळ्यावरच काढतात, आणि भिंतीपलीकडून पोरांची घोकंपट्टी ऐकू येते. चीड येते. साहेबांची येते, खात्याची येते, पण खरं सांगतो, सगळ्यात जास्त तुमची येते. तुम्ही ती ओळ खोडली नसती, तर आज नळी माझ्या हातात असती. हे लिहिलेलं, तुम्ही असतात तरी, तुमच्याकडे धाडलं नसतं.

आज भूगोलाच्या तासाला एका पोरानं लिहिलं, पैनगंगा दुथडी भरून वाहते. नदी शाळेमागेच आहे, वाळू उघडी पडलेली. "पाह्यली का तू? मंग काऊन लिवलं बे?" म्हणत मी त्याची ओळ खोडली. मग त्याच्या पुढच्या आयुष्याची काळजी वाटली मला, पण तोवर खोडून झाली होती.