टीव्हीतून आलेलं अहो

वेम्बली,
२ फेब्रुवारी २००४

ती. शशीताईस,
सा. न. वि. वि. नमस्कार रीत म्हणून घालते, मनातून नाही.

फोन ठेवतेस म्हणजे काय? मोठी झालीस म्हणून मधेच खटकन? मी बोलत होते! आता लिहिते. पत्र बाजूला टाकलंस तरी उद्या परत उचलशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. चौथीपर्यंतच शिकले, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण वाच.

मी खुळी झालेली नाही. मंडळाच्या तिळगुळाला चहा वाटत होता तो पद्माकर म्हणजे तोच माणूस. आपण ठाण्याला असताना शेजारच्या सुप्रभाकाकूंच्या टीव्हीवर ‘दोन कप’ लागायचं, त्यातला. एकटा पुरुष, टेबल, दोन कप, मागे पुठ्ठ्याचा चंद्र. एक कप आपल्याकडे सरकवायचा आणि विचारायचा, अहो, आज दमलात का? मग गप्प बसायचा. आपल्या उत्तराला जागा सोडायचा. आई डोक्यावर पदर घ्यायची, परका माणूस बघतोय म्हणून. तू हसायचीस, पण तूसुद्धा वेणी नीट करून यायचीस, ते विसरू नकोस.

मला तोवर कुणी अहो म्हटलं नव्हतं. ते बाईने नवऱ्याला म्हणायचं असतं. लग्न होऊन इकडे आले, तर आमच्या ह्यांनी जन्मभर ‘ए’ वर भागवलं. वाईट नव्हते. गेले तेव्हा रडले मी. पण ‘ए’.

आणि त्या डब्यातला माणूस अहो म्हणायचा, तेव्हा खोलीतल्या सगळ्या बायका बसल्या जागेवरून कुठेतरी निघून जायच्या बघ. पडद्यावर मुंग्या, चहाची वाफसुद्धा करडी. घरी येताना दिव्याखाली माझी सावली पडायची, तर मला वाटायचं दोन पडल्यात.

तर त्या दिवशी हॉलमध्ये तोच आवाज. अहो, साखर किती? माझ्या हातातली तिळगुळाची वाटी खाली. कार्यक्रम बंद पडल्यावर तो इकडे आला, बस चालवली, आता रिटायर आहे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून आमच्या फरसाणाच्या दुकानात रोज येतो आणि मी सुटले की ईलिंग रोडने बरोबर चालतो. साड्यांच्या दुकानांचे दिवे ओल्या फुटपाथवर उतरलेले असतात. तो बोलत असतो, आणि आपण कुठल्या गावात आहोत, वय किती, काही कळत नाही. काल त्याने लग्नाचं विचारलं. हे सांगायला फोन केला, तर तू ठेवलास!

रीडिंगला राहणाऱ्या अनुपला कळवू की नको, ते सांग. माझा मुलगा असला तरी तो तुझं जास्त ऐकतो. लोभ असेल तर लिही, नसेल तर भांडायला तरी लिही.

तुझी,
सुलू


इल्फर्ड,
७ फेब्रुवारी २००४

चि. सुलूस,
अ. उ. आ.

फोन ठेवला, कारण आधी हसू आलं आणि मग रडू. दोन्ही तुला ऐकवायचं नव्हतं. तुझ्या भावजींना सांगितलं. ते म्हणाले, आमच्या शशीला कुणी रस्त्यात अहो म्हटलं, तर सवयीने मीच ओ देईन.

वेणीचं खरं आहे. आठवणीत ठेवलंस, धन्य तुझी.

अनुपची मला काळजी नाही. तोंड पाडेल चार दिवस, मग आसावरी त्याला समजावेल. सून तुझी शहाणी आहे. लोकांचीही काळजी नाही. या वयात कसलं लग्न, असंही मी म्हणणार नाही. घरी आल्यावर दिवा आपणच लावायचा, हे मला बघवत नाही तुझ्या बाबतीत.

मला भीती दुसरीच. तो माणूस कॅमेऱ्याच्या भिंगाशी बोलायला शिकलेला. भिंग उलट बोलत नाही. तू बोलतेस, आणि किती! तुला अहो म्हणताना तो बघतो कुठे, तेवढं बघ. मग काय ते ठरव. मी तुझ्या बाजूची आहे, आवाज चढवलास तरी.

तुझी ताई,
शशी


वेम्बली,
१५ फेब्रुवारी २००४

श्री. पद्माकर यांस,
स. न. वि. वि.

समोर सांगणार होते, पण तुम्ही सुरू झालात की माझं राहतं, म्हणून पत्र.

ताईने सांगितलं म्हणून आठवडाभर पाहिलं. माझ्याशी बोलताना तुम्ही माझ्या कपाळाच्या वर बघता, जिथे कुणी नसतं. विचारता, थांबता, मान डोलावता आणि पुढे जाता. परवा विचारलंत, दमलात का. मी म्हटलं, हो, गुडघा दुखतोय. तुम्ही म्हणालात, वा, छान! काय छान?

तेव्हाही असंच. साखर किती विचारायचात, मी काकूंच्या घरात ओरडायची दोन, तुम्ही एकच घालायचात. तेव्हा तुमचा इलाज नव्हता, मधे काच होती. आता काच कुठाय?

रागावू नका. तुम्ही त्या थांबण्यात काय ऐकत होतात मला माहीत नाही, पण मी काय म्हणायची ते सांगते. तुम्ही दमलात का विचारलंत की मी मनात म्हणायची, नाही, पण विचारलंत म्हणून आता दमावंसं वाटतंय. निघू का विचारलंत की म्हणायची, चंद्र वाकडा लागलाय, तो सरळ करून जा. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. झोपेत बोलावं तसं सगळं माझ्यापाशीच राहिलं. आणि आता रस्त्याने चालताना तुमच्या बाजूचा माझा हात घरी पोचेपर्यंत गरम असतो, तेही खोटं नाही.

म्हणून लग्नाला नाही म्हणत नाही. हो पण म्हणत नाही. अहो म्हणणारा मला हवाच आहे. पण अहो म्हटल्यावर ऐकणारा हवा. नुसता आवाज हवा असता तर घरी रेडिओ आहे.

पुढच्या रविवारी अनुप आणि आसावरी जेवायला येतायत. त्यांना तुमचं नाव सांगू, की दुकानातलं गिऱ्हाईक म्हणून सोडून देऊ, ते तुमच्या उत्तरावर आहे. फोन नको, फोनवर तुम्हीच बोलाल. लिहून पाठवा. शुक्रवारच्या टपालाने माझ्या हातात पाहिजे. आणि त्यात निदान एक प्रश्न असा विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला अजून माहीत नाही.

लोभ शुक्रवारपर्यंत राखून ठेवला आहे.

सुलक्षणा