आपोआप सरळ रूप

१२ डिसेंबर १९८६, पौड
घोटावड्याच्या एका कारखान्याने जुना कंप्युटर आमच्या हायस्कूलला दिला. स्टाफ लांबूनच बघतो. सगळा अडाण्यांचा बाजार. दहावीच्या पूर्वपरीक्षेचा बीजगणिताचा पेपर दर वर्षी माणच्या शाळेचे अन्वरसर तालुक्यासाठी काढतात, हाताने सायक्लोस्टाइलच्या स्टेन्सिलवर लिहून. यंदा हेडमास्तरांच्या मागे लागून तो मी घेतला. बीजगणित छापणारा प्रोग्रॅम स्वतः लिहिणार. जमलं की पेपर कायमचा माझा.

२० डिसेंबर
स्टाफला तत्त्व समजावलं. x ही संख्या नव्हे, चिन्ह. राशी म्हणजे झाड: बुंध्याला अधिकचं चिन्ह, फांद्यांवर पदं. कंस सांभाळले की झाड मोडत नाही. नथूसर घोरत होते. पी.टी.चा माणूस, दुसरं काय करणार.

२ जानेवारी १९८७
प्रोग्रॅम चालला. ३x + २x टाइप केलं, छापून आलं ५x. सारखी पदं दिसली की आपणहून एकत्र करतो. हिला सांगितलं, तर म्हणते, "मग पोरांनी काय करायचं?" हिला काय कळतंय.

९ जानेवारी
आमच्या तालुक्यात रिवाज आहे, छपाईआधी दुसऱ्या शाळेचा शिक्षक पेपर सोडवून बघतो. अन्वरसर आले. "द्या हिकडं, एकडाव सोडवून बगतो." मत्सर, शुद्ध मत्सर. नको म्हणालो. यंत्र चुकत नसतं. प्रिंटरची रिबन काढून थेट स्टेन्सिलवर छापलं. त्यावर धड काही दिसत नाही, पण बघायची गरजच काय? सगळ्या प्रश्नांच्या वर 'सरळ रूप द्या' तेवढं हाताने लिहिलं.

२० जानेवारी
पेपर झाला. पोरं अर्ध्या तासात बाहेर. शिकवणं असावं तर असं.

२४ जानेवारी
अख्ख्या तालुक्याला पैकीच्या पैकी. हेडमास्तरांनी मंगळवारी बोलावलंय. सत्काराचंच असणार. शर्ट इस्त्रीला टाकला.

२७ जानेवारी
सत्कार नव्हता. 'सरळ रूप द्या'च्या खाली सरळ रूपंच छापली गेली होती. पोरांनी ती उतरवून काढली. पेपर रद्द. फेरपरीक्षेचा पेपर अन्वरसर काढणार, आणि यापुढेही तेच.

संध्याकाळी शेजारच्या गोजराबाई आल्या. लेक गणितात कधी पास झाली नव्हती, यंदा पैकीच्या पैकी, म्हणून त्यांनी आळीभर पेढे वाटलेत. "आता लोकांस्नी काय सांगू?"

सांगा कंप्युटर चुकला, म्हणालो.

त्यांनी लेकीचा पेपर पुढे धरला. "मग हितं खाली नाव कुणाचं हाय?"

नाव माझं होतं. पेपरवर कुणी नाव घालत नाही, मीच घातलं होतं. ठळक अक्षरात.