नोगालेसच्या फाटकाशी सोडलेलं पाणी

मी, मृणालिनी गुरुदत्त खांबेटे, वय वर्षे सहासष्ट, निवृत्त डॉक्टर, राहणार टूसॉन, ॲरिझोना, लिहून ठेवते की मी शुद्धीवर आहे, मला कोणी भरीस पाडलेलं नाही, आणि यकृतातल्या गाठी अजून डोक्यापर्यंत पोचलेल्या नाहीत. वकिलांनी केलेला इंग्रजी दस्तऐवज कोर्टासाठी आहे. हा मराठीतला माझ्या माणसांसाठी. याआधीचं मृत्युपत्र मी रद्द करते. ते रागात केलं होतं. आता तेवढा राग धरायचं त्राण नाही.

१. राहतं घर स्वकष्टार्जित आहे. माझ्या पश्चात ते पाद्री हेलन वॉर्ड यांच्या चर्चला जावं. मात्र मागच्या खोलीत राहणाऱ्या बाईला तिच्या हयातीत कोणी उठवू नये. तिच्याच सुरक्षिततेसाठी तिचं नाव वकिलांनी लिहू दिलं नाही. हेलनला ते ठाऊक आहे.

ती बाई कशी आली तेही सांगते. निवृत्त होईपर्यंत मी शवागारात पॅथॉलॉजिस्ट होते. साल्वादोर, ग्वातेमालातल्या लढायांतून पळालेली माणसं वाळवंट ओलांडताना मरत आणि माझ्या टेबलावर येत. सोप्या वाटांवर पहारे बसले तशी ती आडरानातून चालू लागली. मी मृत्यूचं कारण लिहायची: उष्णता, शरीरातलं पाणी संपणे. नावाच्या जागी ‘अज्ञात’. एका उन्हाळ्यात हेलन या बाईला घेऊन आली. तिने मृताच्या शर्टाची कॉलर उलटली आणि स्वतःच्या हातची शिवण ओळखली. तो तिचा नवरा. ती रडली नाही. हेलनमार्फत तिने एवढंच विचारलं, “त्याला कोणी पाणी दिलं का?” इथे आणला तेव्हा तो गेलेलाच होता, असं मी सांगितलं. तरी ती तेच विचारत राहिली. संध्याकाळी मी तिला घरी आणलं.

२. स्टेशन वॅगन हेलनच्या मंडळींना द्यावी. क्लच घसरतो, सांभाळून चालवावी. ही मंडळी दर आठवड्याला नोगालेसला, देशाच्या दक्षिण सरहद्दीच्या फाटकासमोर मूक प्रार्थना करतात. सुरुवातीला मी मागे उभी राहायची. येशूच्या प्रार्थनेत आपण काय म्हणावं ते कळत नसे. गेल्या वर्षीच्या सर्वपित्रीला मात्र मी तीळ आणि पाण्याचा तांब्या घेऊन गेले. बायकांनी तर्पण करायचं नसतं, असं सासूबाई सांगत. पण ज्यांना पाणी द्यायला कोणी उरलं नाही त्यांनाही त्या दिवशी पाणी सोडतात, हे वडिलांकडून ऐकलेलं होतं. मी फाटकासमोर रस्त्यातच मांडी घातली. हेलन आणि बाकीचे शेजारी बसले. मागे गाड्या खोळंबल्या.

एक तरुण शिपाई येऊन म्हणाला, “मॅडम, हे काय चाललंय?”

“पाणी देतेय.”

“कोणाला?”

“तुमच्या पहाऱ्याला भिऊन आडवाटेने गेले आणि पाण्यावाचून मेले, त्यांना.”

तांब्या रिकामा होईपर्यंत तो थांबला. मग त्याने बेड्या घातल्या, सैलसर. दंड भरायला आम्ही नकार दिला, म्हणून तुरुंगात गेलो. तिथे माझे गुडघे फार दुखले. त्याने काय बदललं, असं लोक विचारतात. काही नाही. कुंपण जागचं हललं नाही, माणसं अजून मरताहेत. आम्ही अजून जातो.

३. माझी मोठी पातेली मराठी मंडळाकडेच राहू द्यावीत. मंडळाचे प्रताप दाबके घरी येऊन म्हणाले होते, “वहिनी, आपण इथे पाहुणे. पाहुण्याने असं दारात बसू नये.” यंदाच्या गणपतीला स्वयंपाकाला मला बोलावलं नाही, पातेली तेवढी नेली. घासून ठेवावीत.

४. मायक्रोस्कोप माझी भाची उत्तरा हिला. शिक्षण सोडून ती पूर्वेकडच्या स्टेट कॉलेज या गावाहून इतक्या लांब आली आणि कोर्टात मागच्या बाकावर बसली. नातेवाइकांपैकी ती एकटीच.

५. बँकेतली शिल्लक काउंटीच्या दफनभूमीतल्या निनावी थडग्यांच्या दगडांसाठी वापरावी.

६. मुलगा विनय, क्युपर्टिनो. त्याची कंपनी सरहद्दीवर जमिनीत पुरायची यंत्रं बनवते. माणसाचं पाऊल पडलं की ती पहाऱ्याला कळवतात. मी सुटून आल्यावर तो म्हणाला, ते लोक कायदा मोडतात आणि आता तूही. मी म्हटलं, “ती पावलं कोणाची असतात, ते मी टेबलावर पाहिलंय.” त्यानंतर कित्येक महिने आम्ही बोललो नाही. जुन्या मृत्युपत्रात त्याचं नाव नव्हतं.

आजार कळल्यावर त्याने फोन केला. बराच वेळ हवापाण्याचं बोलला. मग म्हणाला, “आई, घर मला नको. पण तिथे कोण राहतं ते मला सांगू नकोस. ऑफिसात कोणी विचारलं तर आय कान्ट लाय.”

त्याने नोकरी सोडलेली नाही, आणि सोड असं मी म्हटलेलं नाही. पण त्याने विचारलं नाही, हे मला पुष्कळ झालं. म्हणून या मृत्युपत्राची अंमलबजावणी मी विनयकडेच सोपवते. एकच सूचना. घरी येशील तेव्हा तुझ्याजवळची किल्ली वापरू नकोस. बेल वाजव आणि पायरीवर थांब. मागच्या खोलीतून येऊन दार उघडायला उशीर लागेल.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि साक्षीदारांसमक्ष सही केली.

सही: मृणालिनी गुरुदत्त खांबेटे

साक्षीदार:
१. सुलेखा प्रसन्न वाकणकर, टूसॉन
२. वॉल्टर हिग्बी, निवृत्त शिक्षक, नोगालेस

स्थळ: टूसॉन, ॲरिझोना
दिनांक: १४ नोव्हेंबर १९८७